बल्बवरचं नाव

लॅबमध्ये आम्ही रक्ताच्या नळीला बल्ब म्हणतो. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटतं ते पाणी, काढायचं असेल तर प्लेन बल्ब, सीबीसीला, म्हणजे रक्तपेशी मोजायला, रक्त गोठू न देणारा ईडीटीएचा. डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला असताना आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती, बल्बवर नाव लिहिल्याशिवाय पेशंटला खुर्चीवरून उठू द्यायचं नाही. आधी नाव, मग वय, मग ओपीडी नंबर, आणि चिठ्ठीवरून उतरवायचं नाही तर पेशंटलाच विचारायचं, "पूर्ण नाव सांगा", कारण एकाच नावाच्या तीन-तीन बायका एका सकाळी येतात आणि एकीचं रक्त दुसरीच्या नावावर गेलं तर. त्या 'तर'च्या पुढे सर काही बोलायचे नाहीत, नुसते आमच्याकडे बघत राहायचे.

नोकरीला लागल्यावर आठ-नऊ वर्षं मी तेच केलं. आणि मग एका वर्षी मला सांगण्यात आलं की आता नाव काढायचं.

ही २००४ च्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात टेक्निशियन होते, गरोदर बायकांच्या ओपीडीला लागूनच आमची रक्त घ्यायची खोली. एक खिडकी, एक कूलर जो ऑक्टोबरातही बंद करायची सोय नसायची, आणि बाहेर बाकांवर सकाळी आठपासून बायका, सोबत सासू नाही तर आई नाही तर गल्लीतली एखादी वहिनी. त्या वर्षी आमच्याकडे सेंटिनल सर्व्हेलन्सचा राउंड होता. सेंटिनल म्हणजे पहारेकरी. सगळ्या देशाचं रक्त तपासणं शक्य नाही, म्हणून ठरावीक ठिकाणी पहारा बसवायचा, तिथे एचआयव्ही किती सापडतो ते बघायचं आणि त्यावरून बाकी लोकांत काय चाललंय याचा अंदाज घ्यायचा. भारतात हे १९९८ पासून नेमाने होतंय, नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था, ते चालवते. आणि गरोदर बायकांना त्यात मोठी जागा आहे, कारण या बायका आजारी म्हणून आलेल्या नसतात, कुठल्या जोखमीच्या गटातल्या म्हणून आलेल्या नसतात, बाळ होणार म्हणून आलेल्या असतात. साथ घराघरात शिरली का, हे त्यांच्या रक्तावरून कळतं.

काम तसं सरळ होतं. तीन महिन्यांत एका साइटला ४०० नमुने. १५ ते ४९ वयाची, त्या राउंडमध्ये पहिल्यांदा आलेली जी बाई असेल ती घ्यायची, ओळीने घ्यायची, आपल्या मनाने हिला घे तिला सोड करायचं नाही. गरोदर बाईचं रक्त व्हीडीआरएलसाठी, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाच्या तपासणीसाठी, तसंही घेतलंच जायचं. ती तपासणी झाली की बल्बात जे सीरम उरतं ते एका छोट्या व्हायलमध्ये काढायचं, त्या व्हायलवर फक्त एक नंबर. सोबत एक फॉर्म, त्यावर तोच नंबर, वय, शिक्षण, राहणार शहरात का खेड्यात, अशा चार-सहा गोष्टी. नाव नाही, पत्ता नाही, ओपीडी नंबर नाही. व्हायल भरून झाली की मूळ बल्बशी तिचा संबंध संपला. याला अनलिंक्ड अॅनॉनिमस टेस्टिंग म्हणतात, आणि मला त्याचं मराठी कोणी विचारलं तर मी सांगेन, धागा तोडून केलेली तपासणी. म्हणजे ४०० पैकी एखादी व्हायल पॉझिटिव्ह निघाली तर ती कोणाची हे लॅबला कळत नाही, डॉक्टरला कळत नाही, मला कळत नाही, आणि त्या बाईला तर नाहीच नाही. तिचं उरलेलं रक्त यासाठी वापरतोय हेही तिला विचारलं जात नव्हतं.

यात बेकायदेशीर काही नव्हतं. जगभर तेव्हा अशीच रीत होती, जागतिक आरोग्य संघटनेलाही ती मान्य होती. पण माझा हात अडायचा. इतकी वर्षं ज्या हाताने नाव लिहिलं त्याच हाताने ते मागे सोडायचं.

एक पोरगी आठवते. वय तिने एकोणीस सांगितलं, मला त्याहून कमी वाटलं. पहिलंच बाळंतपण. हातात नवीकोरी हिरवी काचेची बांगडी, एका हातात डझनभर तरी असतील, दंडाला पट्टा बांधायला त्या मागे सरकवाव्या लागल्या आणि शीर काही सापडेना, तेवढ्या वेळात ती खिडकीबाहेर बघत राहिली. नवरा ट्रकवर क्लीनर, गाडी वाडीकडे उभी असते, घरी पंधरा दिवसांतून येतो. तिला आमच्या कौन्सिलर ताईंनी आधीच एचआयव्हीच्या तपासणीबद्दल सांगितलं होतं, वेगळी तपासणी, नावासकट, संमती घेऊन, रिपोर्ट हातात. ती तयार नव्हती. नाही असं म्हणाली नाही, म्हणाली, "यायले विचारून येतो मॅडम." बाहेर सासू डबा घेऊन बसलेली. मी म्हटलं बरं. ती परत आली नाही, निदान माझ्या ड्युटीला तरी नाही.

पण तिचं रक्त माझ्याकडे होतं. व्हीडीआरएल झाली, उरलेलं सीरम मी पिपेटने काढलं, व्हायलमध्ये सोडलं, नंबर चिकटवला. नावाने ती तपासणीला नाही म्हणून गेली होती आणि नंबराने तिची तपासणी होणार होती. ती कुठल्या नंबरात गेली ते संध्याकाळपर्यंत मलाही आठवत नव्हतं, आठवू नये म्हणूनच तर ती सगळी पद्धत.

त्या दिवशी मी आमच्या मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमना विचारलं. त्या फार बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, प्लेट वाचायला बसल्या की अर्धा तास वर बघायच्या नाहीत. मी म्हटलं, मॅडम, पॉझिटिव्ह आलं तर तिला सांगायला नको का? त्या म्हणाल्या, "नाव ठेवलं तर यादी होते. यादी झाली की ती फुटते. फुटली की त्या बाईचं काय होतं ते तू बघितलंयस." आणि परत प्लेटकडे वळल्या.

बघितलं होतं हे खरं. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी एका दवाखान्यात, कुठल्या ते सांगत नाही, कोणीतरी एका बाईच्या केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात लाल शाईने मोठ्ठं लिहून ठेवलं होतं. वॉर्डात झाडू मारायला येणारी बाई तिच्याच वस्तीतली. पेशंट बाळंत होऊन घरी जाईपर्यंत घरमालकाने सामान बाहेर काढून ठेवलं होतं, टिनाची पेटी, गॅसची शेगडी, आणि बाळासाठी शिवून ठेवलेल्या दुपट्यांचं गाठोडं. हे मला तिच्या भावाने सांगितलं, तो रिपोर्टची झेरॉक्स मागायला आला होता. लाल शाईने ज्याने लिहिलं त्याला कोणी विचारलं नाही. त्याने काळजी घ्या म्हणूनच लिहिलं असेल, असं तेव्हाही लोक म्हणाले. मला ते आजही पटत नाही. ग्लोव्हज सगळ्यांसाठीच घालायचे असतात, लाल अक्षरं बघून नाही.

नावाने काय होतं याची याहून मोठी गोष्ट गोव्यात घडलेली आहे. १९८९ साली डॉमिनिक डिसूझा म्हणून एक तरुण होता, नेमाने रक्तदान करणारा. दिलेल्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही सापडला. रक्तपेढीच्या वहीत नाव होतंच. पोलीस आले, आणि गोव्याच्या कायद्यात तेव्हा तशी तरतूद होती म्हणून त्याला एका जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये बंद करून ठेवलं, ६४ दिवस. गुन्हा काय तर रक्त दिलं. तो कोर्टात लढला, बाहेर आला, पुढे पॉझिटिव्ह लोकांसाठी काम उभं केलं आणि १९९२ मध्ये गेला. ही हकिकत मला खूप उशिरा कळली, पण कळली तेव्हा मॅडमचं ते छोटं वाक्य मला दुसऱ्यांदा ऐकू आलं. धागा तोडणारी माणसं निर्दय नव्हती. त्यांनी यादी बघितली होती आणि यादीपाठोपाठ येणारे पोलीसही बघितले होते.

आणि खरं सांगायचं तर आपल्या देशातल्या एचआयव्हीच्या शोधाची सुरुवातच मुळी न विचारता झालेली आहे. १९८६, मद्रास. डॉ. सुनीती सोलोमन मायक्रोबायोलॉजीच्या प्रोफेसर आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला. एचआयव्ही भारतात नाहीच, तो तिकडच्या लोकांचा आजार, असंच तेव्हा सगळे धरून चालले होते. निर्मलाने पकडून आणलेल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या सुधारगृहात जाऊन रक्त गोळा केलं. नमुने ठेवायला जागा नव्हती म्हणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवले, मग नवऱ्याला सोबत घेऊन, नमुने बर्फात घालून, रात्रीच्या गाडीने वेल्लोरला नेले, कारण तपासणी तिथे होत होती. काही नमुने पिवळे झाले. एलायझा नावाच्या या तपासणीच्या प्लेटमध्ये पॉझिटिव्ह खाच पिवळी होते, ज्याने ती एकदा बघितली तो विसरत नाही, ९६ खाचांची ती प्लेट, सगळीकडे पाण्यासारखं, आणि मध्येच एक पिवळी धमक. तो शोध लागला नसता तर या देशात रक्त तपासायला आणखी किती वर्षं लागली असती कोण जाणे. निर्मलाबद्दल मला फार आदर आहे, सरकारी लॅबमध्ये काही नसताना काम कसं रेटावं लागतं ते मला माहीत आहे. पण त्या सुधारगृहातल्या बायकांना हे रक्त कशासाठी हे सांगितलेलं नव्हतं, आणि पिवळं झाल्यावर त्यांना द्यायला औषधही नव्हतं. त्यांचा मी विचार करते. त्यांच्या बाहेर पडण्याचा.

औषध नव्हतं, हीच सगळी गोम आहे.

जोवर काहीच करता येत नव्हतं तोवर न सांगण्यात एक प्रकारची दया होती असं म्हणता येतं. सांगून करणार काय, घर तेवढं मोडणार. पण १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समध्ये झालेल्या एका ट्रायलचा निकाल आला, गरोदर बाईला आणि मग बाळाला झिडोव्हुडीन दिलं तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण साधारण दोन-तृतीयांशाने घटतं, २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर. आणि मग लोकांनी विचारायला सुरुवात केली. अमेरिकेत १९८८ पासून नवजात बाळांच्या टाचेतल्या रक्तावर अशीच नाव काढून तपासणी चालू होती, बाळाच्या रक्तात आईच्या अँटिबॉडीज असतात म्हणजे ती आईचीच तपासणी. आकडे कळायचे, आयांना कळायचं नाही. आता औषध आहे हे माहीत असताना हे चालवायचं कसं, यावर तिथे मोठा वाद झाला आणि १९९५ मध्ये ती पाहणी थांबवली. एका गोळीने आकड्याची नीतीच बदलून टाकली.

आपल्याकडे ती गोळी आली नेव्हिरापिनच्या रूपात. युगांडातला अभ्यास १९९९ मध्ये छापून आला. बाईला कळा सुरू झाल्या की एक गोळी, २०० मिलिग्रॅमची, आणि बाळाला जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत थोडं सिरप. एवढ्यावर लागण जवळजवळ निम्मी होते. काहीच केलं नाही, आणि अंगावरचं दूधही चालू राहिलं, तर शंभर बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. म्हणजे २००४ मध्ये मी जेव्हा नंबर चिकटवत होते तेव्हा ती गोळी आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावरच्या कपाटात होती. ज्या बायका तपासणीला हो म्हणाल्या त्यांच्यासाठी. जी यायले विचारून येतो म्हणून गेली तिच्यासाठी पण होती, फक्त ती तिच्याकडे पोचायचा रस्ता म्हणजे तिचं नाव, आणि ते आम्ही तोडलेलं.

राउंड संपला, काही महिन्यांनी आमच्या साइटचा आकडा कळला. टक्क्यांत होता. मला हिशेब करायचाच होता. ४०० मध्ये एक बाई म्हणजे ०.२५ टक्के. मी त्या आकड्याला ०.२५ ने भागलं, जुन्या ओपीडीच्या चिठ्ठीच्या मागे, पेन्सिलने. पूर्णांक आला. पूर्णांकच येणार होता, पण बघून मी थोडा वेळ बसूनच राहिले. तो आकडा मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की शून्य नव्हता. त्या बायका माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसून गेल्या होत्या, मीच त्यांचा दंड धरला होता, मीच त्यांना म्हटलं होतं मूठ आवळा, आता सोडा, कापूस दाबून धरा. हिरव्या बांगड्यांची ती त्यात होती का? कदाचित नसेल. ४०० मध्ये मोजक्याच होत्या, म्हणजे नसण्याची शक्यताच कितीतरी जास्त, गणित माझ्या बाजूने आहे. पण गणित मनाच्या बाजूने असतंच असं नाही, मी पुढची कितीतरी वर्षं ओपीडीत बांगड्यांचा आवाज आला की वर बघायचे.

आता यावर कोणी म्हणेल, मग हे सर्व्हेलन्स हवंच कशाला? तर ते हवंच. याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही, आणि त्याचं कारणही २००७ साली माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

त्याआधी भारतात ५२ लाख लोकांना एचआयव्ही आहे असा अंदाज होता. पेपरात यायचं, भाषणांत यायचं, आम्हीही ट्रेनिंगमध्ये पाठ केला होता. २००७ च्या जुलैमध्ये नवीन अंदाज आला, सुमारे २५ लाख. एकदम निम्मा! आमच्या दवाखान्यात त्या दिवशी चहाच्या टपरीवर हाच विषय. कोणी म्हणे आधी फुगवला होता पैशासाठी, कोणी म्हणे आता दाबताहेत. दोन्ही खोटं. झालं असं होतं की एक तर पहाऱ्याची ठिकाणं खूप वाढवली, २००६ मध्ये देशभरात अकराशेच्या वर साइट झाल्या, आणि दुसरं म्हणजे २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदाच घरोघरी जाऊन, संमती घेऊन, लाखाच्या वर लोकांचं बोटातून रक्त घेतलं, कागदावर वाळवलं आणि तपासलं. त्यात १५ ते ४९ वयात ०.२८ टक्के निघाले. तिथेही नावं काढूनच तपासलं, पण घेताना विचारलं होतं, आणि ज्याला आपलं कळून घ्यायचंय त्याला मोफत तपासणी कुठे होते ते सांगितलं होतं.

मग आमचे आकडे चुकीचे होते का? नाही. आमचे ४०० बरोबरच होते, पण ते सरकारी दवाखान्याच्या बाकावरचे ४०० होते. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीसमोर उभं राहून अख्ख्या नागपूरची तब्येत सांगायला गेलात तर शहर निम्मं मेलेलंच वाटेल. आमच्याकडे गरीब येतात, लांबून पाठवलेले येतात, नवऱ्याला काहीतरी झालंय म्हणून बायकोची तपासणी करून घ्या असं सांगून पाठवलेल्या येतात. त्यांच्यावरून धरमपेठेतल्या नाही तर काटोलच्या संत्र्याच्या बागेतल्या बाईचं प्रमाण काढलं तर ते जास्तच येणार. मोजणारा कुठे उभा राहून मोजतो यावर केवढं अवलंबून असतं, ते मला त्या दिवशी कळलं. आणि अंदाज चुकला होता हे दुसऱ्या मोजणीनेच दाखवून दिलं, उघडपणे, तारीख देऊन. ज्या खात्याने ५२ लाख सांगितले त्याच खात्याने २५ लाख सांगितले. त्याला धैर्य लागतं.

मात्र एक गोष्ट टपरीवर कोणीच बोललं नाही. आकडा निम्मा झाला तेव्हा बाकीचे २७ लाख बरे झाले नव्हते, ते मुळात नव्हतेच. आणि जे २५ लाख होते ते पहिल्याइतकेच होते, त्यांच्यातला एकही कमी झाला नव्हता. आमच्याकडे औषध घ्यायला येणारा एक ऑटोवाला भाऊ पेपर हातात घेऊन आला होता त्या आठवड्यात, म्हणाला, "मॅडम, म्हणजे आता गोळ्या बंद करतीन का?" मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सरकारने १ एप्रिल २००४ पासून सुरू केली होती, तीनच वर्षं झालेली, ती टिकेल यावर त्याचा विश्वास बसला नव्हता अजून. मी म्हटलं नाही भाऊ, काहून बंद करतीन. पण माझ्याही पोटात कालवलं.

गोळ्या बंद झाल्या नाहीत. उलट त्या गोळ्यांनीच पुढचं सगळं बदललं, आणि त्यात आपल्या पुण्याचाही हात आहे. भोसरीला तेव्हा नारी म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, १९९२ ची, आता तिचं नाव बदललंय. नऊ देशांत मिळून एक मोठा अभ्यास झाला, एचपीटीएन ०५२ नावाचा, त्यात पुणे आणि चेन्नईची जोडपीही होती. १७६३ जोडपी, प्रत्येकात एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही. निम्म्यांना औषध लगेच, निम्म्यांना तेव्हाच्या नियमाप्रमाणे सीडी४, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, उतरल्यावर. २०११ मध्ये निकाल आला. अभ्यासाच्या काळात एकूण ३९ जोडीदारांना नवीन लागण झाली. त्यांचा व्हायरस आणि जोडीदाराचा व्हायरस यांची जनुकीय जुळणी करून बघितली, २८ जुळले. त्या २८ मधला लगेच औषध मिळालेल्या गटातला किती? एक. ९६ टक्के बचाव. हे वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं, मग खाली जाऊन कौन्सिलर ताईंना वाचून दाखवलं, आणि त्या काही न बोलता चष्मा काढून पुसायला लागल्या. इतकी वर्षं त्या जोडप्यांना सांगत आल्या होत्या की कंडोम वापरा, जपा, दूर राहा. आता सांगता येणार होतं की गोळी नेमाने घे, तुझ्या घरच्याला तुझ्यापासून धोका राहणार नाही. औषधाने व्हायरस इतका खाली जातो की मशीनला सापडत नाही, आणि रक्तात सापडत नाही तोवर शरीरसंबंधातून लागत नाही, हे आज जगभर मान्य झालंय.

त्या ३९ मधले जे जुळले नाहीत, त्यांच्याबद्दलही मी विचार करते. ज्यांचा व्हायरस जोडीदाराशी जुळत नाही त्यांना लागण बाहेरून झाली. आपण बल्बवरचं नाव काढलं तरी व्हायरस स्वतःच्या जनुकांत कुठून आला त्याची खूण घेऊन फिरतो. संशोधनाला हे सोनं आहे, साथ कुठून कुठे सरकते ते यावरून कळतं. पण एखाद्या घरात तो कागद पोचला तर? म्हणून माझं म्हणणं असं की नवीन मशीन येवो, नवीन पद्धत येवो, लॅबमधल्या माणसाने आमच्या सरांसारखं एक क्षण थांबून त्या 'तर'कडे बघावं. अमेरिकेत यावर पॉझिटिव्ह लोकांनीच आवाज उठवला आहे, आमच्या उपचारासाठी दिलेलं रक्त कोणाकडून कोणाला लागण झाली याच्या साखळ्या काढायला न विचारता वापरू नका म्हणून. बरोबर आहे त्यांचं.

आपल्याकडेही बदललं. २०१४ पासून एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला सीडी४ कितीही असो, कायमची औषधं सुरू करायची असं ठरलं. २०१७ मध्ये सगळ्यांसाठीच, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की औषध. त्याच वर्षी एचआयव्हीचा कायदा झाला, २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू, त्यात स्पष्ट लिहिलंय की संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय कोणाला सांगणं नाही, आणि यावरून कोणाला घरातून काढता येणार नाही, नोकरीवरूनही नाही. मला ती टिनाची पेटी आणि दुपट्यांचं गाठोडं आठवलं. आणि जागतिक पातळीवरही हळूहळू हाच विचार पुढे आला की गरोदर बायकांचं वेगळं, नाव तोडलेलं रक्त तपासण्यापेक्षा, ज्या नावासकट तपासणी करून घेतात, रिपोर्ट घेतात, औषध घेतात, त्यांच्याच नोंदींवरून साथीचा अंदाज काढावा. मात्र त्यासाठी आधी जवळजवळ प्रत्येक बाई नावासकट तपासणीला हो म्हणाली पाहिजे, आणि ती हो तेव्हाच म्हणते जेव्हा तिला खात्री असते की नाव फुटणार नाही. ती खात्री कुठल्या कागदाने येत नाही, खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाच्या वागण्याने येते. रजिस्टर उघडं टाकून चहाला जायचं नाही. नाव मोठ्याने पुकारायचं नाही. इतक्या साध्या गोष्टी.

आताही देशात सुमारे २५ लाखच लोक आहेत असा अंदाज आहे, महाराष्ट्रात सगळ्यांत जास्त. आकडा तोच दिसतो, पण त्यातली माणसं आता पहिल्यासारखी मरत नाहीत, म्हातारी होतात, बीपी-शुगरची औषधं मागतात, नातवंडांच्या बारशाचे पेढे आणतात. तो ऑटोवाला भाऊ परवापरवापर्यंत यायचा.

मी शेवटची काही वर्षं आयसीटीसीला होते, म्हणजे तपासणी आणि समुपदेशन केंद्रात. तिथे एक काम मला सगळ्यांत जड आणि सगळ्यांत आवडतं. पॉझिटिव्ह आईच्या बाळाची तपासणी. सहा आठवड्यांचं झालं की टाचेतून थेंब घेऊन कार्डावर वाळवून पाठवायचे, कारण साध्या किटवर उपयोग नसतो, आईच्या अँटिबॉडीज बाळात असतातच, किट पॉझिटिव्हच दाखवणार. त्या अँटिबॉडीज जायला वेळ लागतो, म्हणून शेवटचा निकाल दीड वर्षांनी. दीड वर्ष ती आई वाट बघते. बाळ बसायला लागतं, रांगतं, दात येतात, चालायला लागतं, आणि ती मनात अठरा महिने मोजत असते.

डिसेंबरातली सकाळ होती, नागपूरची थंडी, बाकावर सगळ्या शाली गुंडाळून. एक बाई मुलाला घेऊन आली, हिंगण्याकडून, एसटीने. मुलगा स्वेटर-टोपीत नुसता गोळा, खिडकीच्या कठड्यावरचा स्टॅम्प पॅड ओढत होता. मी किट लावलं. कंट्रोलची रेघ आली. मी घड्याळ लावून बसले, वेळ भरेपर्यंत वाचायचं नाही हा नियम, मी कधीच मोडला नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती, मुलाच्या बोटांना लागलेली जांभळी शाई पदराने पुसत होती. वेळ भरली. दुसरी रेघ नव्हती. मी परत बघितलं, उजेडाकडे धरून बघितलं, नव्हतीच.

मी सांगितलं. ती काही बोलली नाही बराच वेळ. मग म्हणाली, "कागद भेटन ना याचा?"

मी म्हटलं, भेटन ना. रिपोर्टचा फॉर्म पुढे घेतला आणि जुन्या कार्डावरून नाव उतरवायला लागले, तिथे फक्त 'बेबी ऑफ' आणि तिचं नाव होतं, जन्मल्यावर लिहिलेलं. तिने खिडकीतून हात आत घालून माझा पेन थांबवला.

"तसं नोका लिहू मॅडम. नाव ठेवलंय त्याचं. नीट लिहा, पूर्ण लिहा, बापाचं बी लिहा."

मी पेन उचलून विचारलं, "पूर्ण नाव सांगा."